घरजावई चाप

मी एक चाप आहे, बंदुकीचा. बोटानं ओढतात ना, तोच. नाव ऐकून मागं सरकू नका. माझ्या बंदुकीत दारू भरत नाहीत. ती दाबलेल्या हवेवर चालते आणि तिचा छर्रा तुरीच्या डाळीएवढा असतो. काळा ठिपका सोडून तो आजवर कुणाला लागलेला नाही. मी जरा सावकाश बोलतो. चापानं घाई केली तर तो कुणाच्या कामाचा राहत नाही.

ज्या बंदुकीत मी राहतो तिच्याबरोबर माझा जन्म झाला नाही. ती परदेशातून आली, लई आधी. तिचा मूळचा चाप झिजला आणि त्या जातीचा नवा मिळेना. मग पुंडलिकनगरातल्या नेमबाजीच्या क्लबनं वाळूजच्या एका लहान कारखान्यात मला बनवून घेतलं. सर्जेराव नावाच्या कारागिरानं मला पोलादातून कापलं आणि बारीक पॉलिश पेपरनं घासलं. माझी कडी नखावर फिरवून बघितली आणि म्हणाला, "जा रे बाबा, नीट नांद." असा मी दुसऱ्याच्या घरात जाऊन राहिलो, घरजावयासारखा. घरजावयाचं जे होतं तेच माझं झालं. घरात काही बिघडलं की सगळे आधी माझ्याकडंच बघायचे.

माझं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बोट मला ओढू लागलं की सुरुवातीला मी सहज मागं येतो. मग एका जागी भिंत लागल्यासारखा अडतो. तिथं बोटानं आणखी थोडासा दाब दिला की माझ्या पोटातली कडी खाचेतून निसटते, आतला हातोडा झडपेवर आदळतो, हवा सुटते आणि छर्रा जातो. बोट पुन्हा पुढं आलं की स्प्रिंग मला जागेवर आणते. कडी वर उठते आणि एक बारीकशी 'टिक्' होते. ती कानाला ऐकू येत नाही, फक्त बोटाला कळते. मग बाजूची दांडी उघडून मिटली की हातोडा पुन्हा कडीवर येऊन बसतो आणि मी पुढच्या बारासाठी तयार होतो.

माझ्याशेजारी एक छोटा खटका आहे. तो एका बाजूला केला की खरा बार. दुसऱ्या बाजूला केला की मी सगळं तसंच करतो, पण हवा सुटत नाही. त्याला इथं कोरा बार म्हणतात. सरावासाठी तो फार चांगला. एवढंच माझं ज्ञान.

क्लब म्हणजे एका इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची लांब शेड. तिथं शिवराज सर शिकवतात. आवाज मोठा, मन मऊ. त्यांनी एक दिवस कॉलेजच्या एनसीसीतून एक मुलगी आणली. सत्यशीला तिचं नाव. गाव पाचोड, घरी मेंढरं. पुंडलिकनगरात मावशीकडं राहून शिकत होती. तिचं बोट माझ्यावर पहिल्यांदा पडलं तेव्हा मला बरं वाटलं. बोट खरखरीत होतं, पण थरथरत नव्हतं.

पण तिचे छर्रे ठिपक्याच्या उजवीकडं जायचे. रोजच.

ती नेम बरोबर धरायची, श्वास रोखायची, मला भिंतीपर्यंत आणायची. आणि बार झाला रे झाला की बोट झटकन उघडायचं. नुसतं बोट नाही, अख्खा पंजा. छर्रा अजून नळीतून बाहेर पडतोय तोवर बंदूक हलायची. मला दर वेळी कुणीतरी टपली मारून ढकलून दिल्यासारखं व्हायचं.

सरांना वाटलं, खोट माझ्यातच आहे. त्यांनी माझा स्क्रू कधी सैल केला, कधी आवळला. दाब हलका केला, जड केला, माझा मागं यायचा टप्पा लहान केला.

"ह्या वाळूजच्या जावयानं वाट लावली बघ," एक दिवस ते वैतागून म्हणाले. "राज्याच्या निवडीपर्यंत सुधारला नाय तर काढून टाकतो. जुना घासून बसवू."

सत्यशीलानं पुन्हा छर्रा भरला. पण निवडीचं नाव निघालं की तिचा तळहात घामेजतो हे मला माहीत होतं. तिचे वडील भिकनराव एकदा शेडवर आले होते. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. लेकीचा सराव त्यांनी बराच वेळ बघितला.

"त्यो ठिपका पळत नाय काय नाय," ते म्हणाले. "उभ्या जागी मारायचं त्याला, आन् त्येबी चुकतंय व्हय?"

"आबा, बारीक हाय त्यो."

"म्या लांडग्याला हाणलंय गोफणीनं. त्यो काय थांबला नव्हता माझ्यासाठी."

सर हसले, पण सत्यशीला हसली नाही. निघताना भिकनराव हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा भाऊ कंपनीत गेला. माझ्या एकट्याच्यानं मेंढरं आवरत न्हाईत. निवड झाली तर खेळ, म्या आडवा येणार नाय. नाय झाली तर दिवाळीनंतर कळपामागं चल. गोफण तुझ्याएवढी कुणाला जमत नाय."

त्या दिवशी मला कळलं हा झटका कुठून येतो ते. गोफण गरागरा फिरवून दोरी सोडली की हात उघडावाच लागतो. नाही उघडला तर दगड भलतीकडंच जातो. लहानपणापासून तिच्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. सोडायचं म्हणजे पंजा उघडायचा. माझ्या घरात मात्र उलटी रीत. इथं छर्रा गेला तरी बोटानं जायचं नसतं. मला सगळं कळत होतं, पण चापाला सांगता कुठं येतं?

मग एका सकाळी ती बाजाराच्या पिशवीत कोकरू घेऊन आली.

"हे काय?" सर ओरडले. "ही रेंज आहे का कोंडवाडा?"

"सर, गावाकडं त्याची आई मेली. दर थोड्या वेळानं दूध लागतंय. मावशी म्हणते फ्लॅटमधी चालणार नाय."

"आणि इथं चालतं?"

"तुम्ही मावशीपेक्षा चांगले हाय ना सर."

सर काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात कोकरू ओरडलं. शेजारच्या लेनवरच्या प्रणयचा नेम गेला. "मॅडम, तुमच्या असिस्टंटला म्युटवर टाका," तो म्हणाला. शेडभर हसू झालं.

सत्यशीलानं मला, म्हणजे बंदुकीला, टेबलावर ठेवलं आणि कोकराला मांडीवर घेतलं. बाटलीतलं दूध संपलं तरी ते ओरडायचं थांबेना. मग तिनं त्याच्या तोंडात बोट दिलं. तेच बोट, ज्यानं ती मला ओढते. कोकरू चुटूचुटू चोखत राहिलं आणि हळूहळू त्याचे डोळे मिटले. तरी तिनं बोट काढलं नाही. तसंच ठेवलं. त्याची जीभ सैल पडू दिली. मग तांदळाएवढं मागं घेतलं, थांबली. पुन्हा तांदळाएवढं. बोट बाहेर आलं तरी कोकराचा कानसुद्धा हलला नाही.

सर उभे राहून बघत होते.

"झटकन का नाय काढलंस?"

"उठंल न सर. बोट गेल्यालं त्याला कळू द्यायचं नसतंय."

सर टेबलापाशी आले. मग त्यांनी खटका कोऱ्या बारावर केला, नळीवर पाण्याच्या बाटलीचं झाकण ठेवलं आणि बंदूक तिच्या हातात दिली.

"आता चाप म्हणजे कोकरू समज," ते म्हणाले. "झोपलेलं."

तिनं मला भिंतीपर्यंत आणलं. कडी निसटली, हातोडा आपटला. बोट माझ्यावरच राहिलं. मग तांदळाएवढं पुढं, आणि थांबलं. पुन्हा तेवढंच. माझी कडी वर आली. टिक्. ती टिक् तिच्या बोटाला पहिल्यांदा लागली. तिचा श्वास बदलला त्यावरून मी ओळखलं. नळीवरचं झाकण जागेवर होतं.

"सर," ती म्हणाली, "जागं झालं नाय."

निवड शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये होती. राज्याच्या स्पर्धेसाठी आमच्या जिल्ह्यातल्या मुलींची एकच जागा उरली होती. भिकनराव मागच्या खुर्चीत घोंगडी मांडीवर घेऊन बसले होते. सुरू व्हायच्या आधी सत्यशीलानं मन शांत करायला दोन-चार कोरे बार केले. मग छर्रा भरला. पुकारा झाला. आणि ती खटका फिरवायला विसरली!

मी ओरडू शकत असतो तर हॉल दणाणला असता. तिनं नेम धरला, मला ओढलं. हातोडा आपटला. हवा नाही, छर्रा नाही. शेजारी फटाफट बार सुटत होते आणि छर्रा कुठं लागला ते दाखवणारा आमचा पडदा कोरा.

"वाजलं नाय व्हय?" मागून भिकनराव म्हणाले. सरांनी डोळे मिटून घेतले.

तिचा डावा हात छर्ऱ्यांच्या डबीकडं गेला. आता आणखी एक भरला असता तर नळीत छर्ऱ्यावर छर्रा अडकला असता आणि सगळं संपलं असतं. हात डबीच्या तोंडाशी पोचला आणि थांबला. कारण उजवं बोट अजून माझ्यावरच होतं. फसलेल्या बारावरही तिनं मला सोडलं नव्हतं. तिनं नेमाच्या छिद्रातून बघितलं. ठिपका बरोबर मध्यभागी होता, तसूभरही सरकला नव्हता.

ती हसली. तिचा गाल बंदुकीच्या दस्त्याला लागलेला असतो, म्हणून मला कळलं.

तिनं मला सावकाश सोडलं. टिक्. खटका कोऱ्यावरच दिसला, तो फिरवला. दांडी उघडली, छर्रा न भरता तशीच मिटली. नेम. भिंत. बार! पडद्यावर खूण अगदी मधोमध उमटली.

त्यानंतर काय सांगू? तसा दिवस मी परत बघितला नाही. ती ओढायची आणि मी सुटायचो. ती सोडायची आणि मी बसायचो. आमच्यात भांडण म्हणून उरलं नाही. जुनी परदेशी बंदूक आणि वाळूजचा जावई, दोघं एका अंगाचे झालो. शेवटच्या छर्ऱ्याला ती आणि एक दुसरी मुलगी बरोबरीत होत्या. त्या मुलीचा छर्रा थोडा खाली गेला. आमचा ठिपक्याच्या काळजात बसला.

लाउडस्पीकरवर सत्यशीलाचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये शिस्तीत टाळ्या वाजत होत्या. तेवढ्यात मागून एक हाळी उठली, "हुर्र्र्र हाऽ!" माळावर पांगलेला कळप परत बोलवायची हाळी. पंच दचकले. सगळ्यांनी वळून बघितलं तर भिकनराव खुर्चीवर उभे, पटका हातात, डोळे वाहताहेत.

"आबा, खाली उतरा की!" सत्यशीला हसत रडत म्हणाली.

"उतरतो. आदी सांगू दे." ते खाली उतरले. "मेंढरांमागं म्या जातो. तू ह्या ठिपक्यामागं जा. पळत नाय म्हणलं व्हतं, पर लई पळवलं त्यानं तुला."

सरांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, खटका कोऱ्यावर केला आणि ती भिकनरावांच्या हातात दिली. त्यांचं जाड, भेगा पडलेलं बोट माझ्यावर आलं. त्यांनी ओढलं. हातोडा आपटला. आणि बोट तिथंच राहिलं. मग तांदळाएवढं पुढं आलं. थांबलं. पुन्हा तेवढंच. टिक्.

सर बघतच राहिले. "आबा, हे कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवंल?" भिकनराव म्हणाले. "हातात कायतरी निजल्यावाणी वाटलं."

आता मी राज्याच्या स्पर्धेला निघालोय. जुना चाप क्लबच्या डबीत शांत पडून आहे, त्याचाही मान राखा. मला काढायची भाषा आता कुणी करत नाही. हा चाप कुठला, असंही कुणी विचारत नाही. ते कोकरू मोठं झालंय आणि पाचोडच्या कळपाजवळ सत्यशीला दिसली की गर्दीतून तिच्याकडं धावत येतं, असं ती सरांना सांगत होती.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. माझ्या भाऊबंदांपैकी कुणावर तुमचं बोट पडलं तर तेल थेंबभरच घाला, खटका दोनदा बघा आणि काम झाल्यावर झिडकारू नका. जाताना जरा थांबून जा. आम्ही पुन्हा तयार मिळू.

बरं, पुकारा झाला. खटका खऱ्यावर आला, मी बघितला. तिचं बोट आलं. आता मी गप्प बसतो.