पुसेगावच्या घराची दोन चित्रं

मित्रांनो, टेबलाखाली चपलांच्या शेजारी जो काळा पत्र्याचा डबा दिसतोय ना, तोच मी. एकेकाळी हिंगोलीतल्या या छोट्याशा ऑफिसात माझी जागा टेबलावर होती. मी जुना कॉम्प्युटर आहे. लोकांची घरं बांधून व्हायच्या आधीच ती कशी दिसतील, याची हुबेहूब चित्रं काढणं हे माझं काम. आज मी थोडा रागात बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म नांदेडच्या एका दुकानात झाला. सुटे भाग जोडून मला तयार केलं आणि करुणाच्या हवाली केलं. ती आयटीआयमध्ये घरांचे नकाशे काढायला शिकली होती आणि तिला स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं. एसटीत तिनं मला मांडीवर घेतलं. डोंगरकडा गावाच्या पुढं रस्ता खराब लागला, तेव्हा तिनं ओढणी माझ्याभोवती गुंडाळून मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. इतक्या मायेनं मला आधी कुणी धरलं नव्हतं.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. करुणा आधी स्वतः प्लॉटवर जायची. मोबाईलवर पूर्व दिशा बघायची, शेजारच्या भिंतीची उंची मोजायची, समोरच्या विजेच्या खांबाचाही फोटो काढायची. मग माझ्यात भिंती उभ्या करायची, फरशी, रंग, रेलिंग लावायची आणि सगळ्यात शेवटी सूर्य लावायची. हो, सूर्यसुद्धा आम्हीच लावायचो! कुठल्या महिन्यात किती वाजता कुठल्या खिडकीतून ऊन आत येईल, ते मी बिनचूक दाखवायचो. एका चित्राला मला चार-पाच तास लागत. मे महिन्यात माझा पंखा घरघरू लागला की करुणा झाकण उघडून रंगाच्या ब्रशनं माझी धूळ झाडायची आणि विचारायची, "दमला का रे?" मी अगदी फुगून जायचो.

एकदा वसमतचे कापड दुकानदार खाजा मिया आपल्या नव्या घराचं चित्र बघायला आले. चित्र जिवंत वाटावं म्हणून त्यात तयार माणसं बसवायची आमच्या धंद्यात रीत आहे. ही माणसं माझ्यात आधीपासून भरलेली होती, आणि सगळी परदेशी. खाजा मियांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बेटी, घर तो बराबर है," ते म्हणाले, "मगर ये गोरी मॅडम हमारे दरवाजे में काय कू खडी है? अमीरबी देखी तो मेरे कू घर में नै लेती!"

करुणा हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. तिनं त्या मॅडमला तिथल्या तिथं काढून टाकलं, अमीरबींचा फोटो मागवला आणि दारात त्यांनाच उभं केलं. त्या दिवसापासून तिनं नियमच केला. चित्रातल्या घरात घरचीच माणसं दाखवायची, आणि ज्याची जागा जिथं ठरली असेल तिथंच ती बसवायची. ही गोष्ट हट्ट्यापासून सेनगावपर्यंत पोचली. करुणाच्या चित्रात माणूस जिथं बसलेलं दिसतं, तिथंच ते पुढं खरोखर बसतं, असं लोक बोलू लागले. ते माझे मानाचे दिवस होते.

मग अमृतराव आले. ते बांधकामाचे ठेकेदार. करुणाची निम्मी गिऱ्हाइकं तेच पाठवायचे, त्यामुळं ते आले की ती स्वतःची खुर्ची त्यांना द्यायची. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची आई, भिकाबाई होत्या. पुसेगावात रस्त्याला लागून भिकाबाईंची पिठाची गिरणी होती आणि जागाही त्यांच्याच नावावर. गिरणी पाडून तिथं बंगला बांधायचं अमृतरावांच्या मनात होतं. त्यासाठी आईनं जागा त्यांच्या नावावर करून द्यायला हवी होती.

"म्या तीस वर्सं रस्त्याकडं तोंड करून दळण दळलं," भिकाबाई करुणाला म्हणाल्या. "आता कमी दिसतं, पर येनारं-जानारं मानूस चालीवरून वळकू येतं. मला म्होरची खोली पायजे, पोरी. दार रस्त्यावर. सकाळचं ऊन बाजंवर आलं पायजे. एवढं केलं की मंग म्हनाल तिथं अंगठा लावते."

करुणानं त्यांचा फोटो काढला. आपला फोटो घरात बसणार म्हणून भिकाबाईंनी डोक्यावरचा पदर दोनदा नीट केला.

दुसऱ्या दिवशी अमृतराव एकटेच आले.

"मॅडम, दोन चित्रं करा," ते म्हणाले. "एक आईला दाखवायला, तिच्या मनासारखं. दुसरं मिस्त्रीसाठी. त्यात म्होरं दोन शटर घ्या, दुकानं निघतील. आईची सोय मागं करू, जिन्याखाली."

"काका, त्यांना हे माहीत हाय का?" करुणानं विचारलं.

"सांगून ऐकती व्हय ती? तुमचं चित्र पाहिलं की ऐकंल. तुमच्यावर लई भरवसा हाय तिचा."

करुणाचा हात माऊसवर तसाच थांबला. ती आता नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. माझी खात्रीच होती. पण तिनं खाली बघत नवी फाईल उघडली.

एका फाईलला तिनं 'पुसेगाव आई' असं नाव दिलं आणि दुसरीला 'पुसेगाव फायनल'. मला तर दोन्ही काढावीच लागली. आईचं चित्र मी जीव ओतून काढलं. पुढची खोली, सताड उघडं दार, बाजेवर बसलेल्या भिकाबाई आणि त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलेलं कोवळं ऊन. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर चित्र तेच, आणि तेच खोटं! ज्या हातांनी मला मांडीवर धरून आणलं, त्याच हातांनी माझ्याकडून हे करून घेतलं. मित्रांनो, मला दगा दिला तो अमृतरावांनी नाही. ते माझे कोण लागतात? मला दगा दिला करुणानं.

भिकाबाईंनी चित्र पाहिलं आणि आठवड्याभरात सेनगावच्या नोंदणी कार्यालयात जाऊन, जागा अमृतरावांच्या नावावर करणाऱ्या बक्षीसपत्रावर अंगठा लावला. चित्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं आणि गल्लीभर दाखवत फिरल्या.

पुढं ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. माझं पाच तासांचं काम तो वीस मिनिटांत करायचा. जुन्या फायली माझ्यात होत्या म्हणून मला भंगारात दिलं नाही, टेबलाखाली ढकललं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. यंत्र कधीतरी जुनं होणारच.

वर्षभरानं एका दुपारी भिकाबाई एकट्याच आल्या. एसटीनं येऊन, जिना चढून त्यांना धाप लागली होती. काखेत पिशवी, पिशवीत ते चित्र. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"पोरी, कुठंतरी चूक झाली बघ," त्या म्हणाल्या. "माझी खोली मागं निघाली, पान्याच्या मोटारीपाशी. दिसभर घूं घूं. खिडकीतून नुसती भिंत दिसती. अमृत म्हनतो, चित्र काढनारीनंच नकाशा चुकीचा दिला. म्या म्हनलं, ती न्हाई चुकायची. मिस्त्रीच चुकला असंल. तुज्या त्या जुन्या डब्यात असंल ना बराबर? त्याला इचार आन् मला कागद काढून दे. मिस्त्रीला दाखवते. एक शटर काढलं तरी भागतंय माझं."

मिस्त्रीवर ढकलून करुणा सहज सुटली असती. ती खाली वाकली, मला ओढून बाहेर काढलं आणि वायरी जोडल्या. पंखा खरखरत सुरू झाला. तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली. भिकाबाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्र बघायला अक्षर कशाला लागतं? त्यांनी डोळे स्क्रीनजवळ नेऊन दुसऱ्या चित्रातल्या शटरवर बोट ठेवलं.

"हे कवा काढलं?"

"तुमचं काढलं त्याच दिवशी, आजी."

"माझ्या अंगठ्याच्या आधी?"

"आधी," करुणा म्हणाली. "अमृतकाकांनी सांगितलं, म्या काढलं. चुकलं माझं, आजी. माफ करा."

भिकाबाईंनी शटरवरचं बोट काढून घेतलं.

"अमृतचं काय घेऊन बसली," त्या म्हणाल्या. "त्याचा सोभाव मला ठावंच हाय, लेकरू माझंच. पर म्या त्याच्याकडं बघून अंगठा न्हाई लावला. तुज्याकडं बघून लावला."

करुणा तोंडावर ओढणी धरून रडू लागली. भिकाबाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या आपल्याच चित्राकडं बघत होत्या.

"मला काढ यातून," त्या म्हणाल्या.

"आजी, असं काहून..."

"घरात जागा न्हाई तर चित्रात काहून बसवून ठिवलीस मला? काढ म्हनते ना."

करुणानं त्यांच्यावर क्लिक केलं. चित्र पुन्हा नव्यानं काढायचं काम माझ्यावर आलं. मी म्हातारा, माझा वेग तो काय! भिकाबाई स्टुलावर बसून वाट बघत राहिल्या. वरून खाली एकेक पट्टी उमटत गेली. आधी त्यांचा पदर गेला, मग चेहरा, मग मांडीवरचे हात. बाज तेवढी राहिली आणि तिच्यावरचं ऊन राहिलं.

"आता बराबर झालं," भिकाबाई म्हणाल्या. लॅमिनेट केलेलं चित्र त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. करुणा त्यांना एसटीपर्यंत सोडायला उठली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

त्यानंतर करुणानं अमृतरावांचं काम घेतलं नाही. पण भिकाबाई अजून जिन्याखालीच राहतात. मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ पुसा, तिला जपा, असं मी खरं तर सांगायला हवं. पण धुळीचं मला आता काही वाटत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. माझ्यासारख्या यंत्रापुढं तुम्हीही एक दिवस बसाल. जे सांगाल ते आम्ही खऱ्यासारखं काढून देऊ, आणि ते बघून कुणीतरी अंगठा लावील. मला नाही म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं.