बुरशी दम खाते तेव्हा

प्रयोगशाळेत तिला सगळे खऱ्या नावानं ओळखत, पण शिंप्याच्या दुकानात ती ठकीच होती. शिंपी म्हणजे तिचे वडील. माप देताना गिऱ्हाईक हात पसरून उभं असतं, त्याला पळता येत नाही. तेवढ्यात बाबा त्याला लेकीचं संशोधन ऐकवून टाकत. बुरशी म्हणजे ब्रेडवरचा नुसता हिरवा डाग नव्हे, ते केसाहून बारीक तंतूंचं जाळं असतं. प्रत्येक तंतू फक्त टोकाशी वाढतो. तंतूच्या नव्या भिंतीचं सामान पोटात घेऊन इवलेइवले फुगे आतून टोकाकडे धावत असतात.

"आणि ती एकसारखी वाढत नाही बरं का," टेप गळ्यात टाकत बाबा म्हणायचे. "दम खाते. सरकते, थांबते, पुन्हा सरकते. हे आमच्या पोरीनं शोधलंय."

शोधलं होतं खरं. तिच्या मार्गदर्शक मॅडमचं आणि दुसऱ्या शहरातल्या एका प्राध्यापकांचं याच मुद्द्यावरून वर्षानुवर्षं वाजलेलं होतं. मॅडम म्हणत, वाढ थांबत थांबत होते. ते म्हणत, तुमच्या मोजण्यात काहीतरी गडबड आहे. ठकीचा आलेख जिन्यासारखा निघाला, एकेक पायरी स्वच्छ, तेव्हा मॅडमना दहा हत्तींचं बळ आलं. पेपर लिहून झाला होता. फक्त पाठवायचा बाकी होता.

अशाच एका दुपारी ठकी मायक्रोस्कोपच्या खोलीत बसली होती. खोली कोंदट, खिडकी नाही, वर भिंतीवर एसी. तिथं ती नेहमी शाल घेऊन बसायची. पडद्यावर तंतूचं टोक सरकत होतं. एसी घुरघुरला, गारवा अंगावर आला, तिनं शाल ओढून घेतली. टोक थांबलं. एसी गप्प झाला, उकडायला लागलं, शाल खांद्यावरून खाली आली. टोक चालू लागलं. तिला आधी हसू आलं. पुन्हा तसंच झालं, तेव्हा हसू ओसरलं. मग तिनं पडद्याकडे पाठ केली, नुसती एसीकडे कान देऊन बसली, आणि तो सुरू होऊन जरा वेळ गेल्यावर वळून पाहिलं. टोक थांबलेलं.

उठून तिनं एसी बंद केला आणि घामाघूम होऊन पाहत राहिली. टोक सरकत राहिलं. कुठंही थांबलं नाही.

कारण साधंच होतं. गार झोतानं मायक्रोस्कोपचा धातू जरासा आकसायचा, टोक फोकसमधून निसटायचं, आणि अंधुक झालेली कड कॅमेऱ्याला जागच्या जागी दिसायची. दम खात होता तो एसी.

संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. ते एका कोटाची काजं करत होते. सुई हातातच राहिली.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग घाई कसली? छापून येऊ दे आधी. एसी काय साक्ष द्यायला येणार आहे?"

"उद्या कुणीतरी बिनएसीच्या खोलीत बसून बघेल, बाबा."

"बघेना का. तोवर तुझी पदवी पदरात पडलेली असेल."

बाबा लबाड नव्हते. सैल बटण राहिलं तरी गिऱ्हाइकाला रस्त्यातून परत बोलावणारा माणूस. पण लेक गार झालेलं जेवण पुढ्यात घेऊन आकडे चिवडत बसते, हे ते कितीतरी दिवस बघत होते, आणि आता एकदाचं हे संपावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते तिला कळत होतं, म्हणून रागही धड येईना.

सकाळी ती मॅडमपुढे उभी राहिली. मनात बरंच जुळवून आणलं होतं, तोंडातून एकच वाक्य निघालं: आपला आलेख एसीचा आहे. मॅडम चिडल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या, स्वच्छ झाला तरी पुसत राहिल्या. मग तळघरातली जाड भिंतींची, बिनएसीची कोठी त्यांनी रिकामी करून घेतली. मायक्रोस्कोप दोघींनी धरून खाली उतरवला आणि दोघींनीच आळीपाळीनं बसून सगळं पुन्हा मोजलं. आलेखातला जिना गेला. त्याच्या जागी तिरकी सरळ रेघ आली, दर वेळी.

मॅडमनी पेपर पाठवायचा थांबवला आणि तिथल्या तिथे पलीकडच्या प्राध्यापकांना स्पीकरवर फोन लावला. ठकी बाहेर जायला निघाली, तर त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली.

"तुमचं बरोबर होतं," मॅडम फोनवर म्हणाल्या. "आम्ही आमचा एसी मोजत होतो."

आता प्राध्यापक उट्टं काढणार, असं ठकीला वाटलं. पण त्यांनी तळघराचं तापमान विचारलं, बुरशीची कुठली जात वापरली ते विचारलं आणि तिचा एक तुकडा पाठवाल का म्हणाले. मॅडमनी फोन ठेवला.

"एक टोमणाही मारला नाही गं," त्या म्हणाल्या. "मी तयारीत होते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "इतकी वर्षं भांडायला हक्काचं माणूस होतं."

बुरशीची थाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली, कडेला चिकटपट्टीचे वेढे देऊन.

ठकीचा प्रबंध लांबला. बाबा काही दिवस गिऱ्हाइकांशी हवापाण्याचंच बोलत. मग एकदा, कापड कापताना मान वर न करता त्यांनी विचारलं, तळघरात ओल तर नाही ना, अंगात काही जाड घालत जा.

आता रेघा सरळ येत होत्या, म्हणूनच त्यांतला एक बारीक बाक तिच्या नजरेत भरला. एका जागी टोक थांबलं नव्हतं, पण जरा मंदावलं होतं. तिनं दिवा तपासला, दार तपासलं, श्वास रोखून पाहिलं. बाक गेला नाही. दुसऱ्या तंतूतही तो होता, आणि दोन्ही वेळा त्यानंतर थोड्या वेळानं तंतूला नवी फांदी फुटली होती. तिनं मॅडमना खाली बोलावलं.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "पलीकडे कळवू," त्या म्हणाल्या. "त्यांना त्यांच्या खोलीत दिसतंय का बघू दे. तोवर कुणाला काही बोलायचं नाही."

"बाबांनाही?"

"त्यांना तर मुळीच नाही."

ठकी हसली आणि तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. टोकापासून जरा मागे, तंतूच्या कडेला, एक बारीक उंचवटा येऊ लागला होता.