इंजिनखोलीतला बारावा

माझी बायको मालू गेल्याचं मला रोह्यात कळलं, कंपनीच्या गेटवर. दुपारची शिफ्ट नुकतीच लागली होती. खरं तर त्या दिवशी माझी सुट्टी होती. दोन वाजता पेणला जाऊन मालूला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. छातीत भरून येतं म्हणत होती. पण एक जण येणार नव्हता, साहेबांनी सकाळी फोन करून विचारलं, आणि मी त्याच्या जागी कामावर गेलो. तिला फोनही केला नाही.

मालू रामवाडीजवळच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. सव्वीस वर्षं केली. गणपतीचा हंगाम सरला की मालक दुसरी कामं घ्यायचा. त्या वर्षी काम होतं खलाशांच्या बारा पुतळ्यांचं. दक्षिणेकडच्या एका बंदरात जुनी युद्धनौका किनाऱ्याला लावून तिचं संग्रहालय केलंय, तिथे ठेवायला. अकरांचे डोळे झाले होते. बाराव्याचा डावा झाला.

"मालूनं मान वर केली," शेजारी बसणारी गोदूबाई मला म्हणाली. "दाराकडं बघून 'आलाव?' म्हणाली, नि कलंडली. मला वाटलं तुम्हीच आलाव."

आमच्या पेणमध्ये रीत आहे. डोळ्याला हात घातला की दोन्ही पुरे होईस्तोवर आखणारीने उठायचं नाही. मालकाने मात्र ट्रक ठरलाय म्हणून तो पुतळा तसाच पाठवला. आमची मुलगी किमया आईकडेच आखणी शिकली. तिला ही गोष्ट सोसवेना. "आईचं अर्धं राह्यलंय बाबा. मी जाऊन करते."

सात महिन्यांनी आम्ही गेलो. संग्रहालयाने दुपारी एक ते तीन, लोकांना बंद असतं तेव्हा, यायला सांगितलं होतं. आत घेऊन जायला गोविंदा तांडेल होते, मालवणकडचे, नौदलातून निवृत्त झालेले. बोट तापली होती. आत तेलाचा आणि जुन्या रंगाचा वास होता. एक पुतळा वायरलेसपाशी बसलेला, एक तोफेपाशी वाकलेला. मी कुठेही सरकलो तरी प्रत्येकाची नजर माझ्यावरच. मालूच्या गणपतींचंही तसंच असायचं. घरातल्या मूर्तीसमोर ते बरं वाटतं. तिथे मी भिंतीला धरून चाललो.

बारावा सगळ्यात खाली, इंजिनखोलीत होता. उभ्या लोखंडी शिडीने उतरलो. तो स्टुलावर बसलेला, टोपी कपाळाच्या वर.

"हा आमचा डोळा मारणारा," तांडेल म्हणाले. "पोरं ह्याच्याबरोबर फोटो काढतात. मी रोज संध्याकाळी त्याची टोपी डोळ्यांवर ओढून जातो."

"आत्ता तर वर आहे," मी म्हणालो.

"सकाळी वरच असते."

"कोण करतं?"

"वारा म्हणायचं."

"इथे खाली वारा येतो?"

"नाय येत."

किमया हसली, पण नुसती तोंडाने. तिने रंग कालवला, पुतळ्यासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ त्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिली.

"बाबा, बुबुळ मधी नाय. नजर बाजूला गेलीय."

"घाईत चुकलं असेल."

"आईचं?"

मी नजरेच्या रोखाने मागे वळलो. मागे शिडी होती, आणि वर तिचं चौकोनी तोंड, उन्हाने पांढरं झालेलं. तेवढ्यात वरच्या लोखंडावर पावलं वाजली. तोंडापाशी येऊन थांबली.

"कोण हाय?" तांडेलांनी हाक दिली. ते शिडी चढून वर गेले आणि परत आले. "कोणी नाय. गेटला कुलूप हाय, किल्ली माझ्यापाशी."

किमयाने कुंचला उचलला. "आई कुणाला तरी बघून आखत होती. नुसत्या एका डोळ्यावरून कळत नाय. दुसरा जुळवला की समजंल, ते माणूस किती लांब उभं होतं, किती उंच होतं."

कुंचल्याचं टोक पापणीला टेकणार, इतक्यात मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"काय राहू दे? एवढ्या लांब आलो ते काय बोट बघाया?"

"राहू दे म्हटलं ना!"

तिला काय सांगणार? कारखान्याच्या त्या दारात माझ्याच उंचीचं कुणी निघालं असतं, तर? मी तेव्हा रोह्यात होतो. आणि माझ्या उंचीचं नसेल, तर मालू कुणाला "आलाव" म्हणाली?

किमयाने कुंचल्याचा रंग पुसला, डबी बंद केली. निघताना तांडेलांनी पुतळ्याची टोपी खाली ओढली.

संध्याकाळी परतीची गाडी धरली. रोहा गेल्यावर किमया म्हणाली, "तुमची ड्यूटी होती बाबा. त्यात तुमचा काय दोष?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कासू गेलं. पेणला उतरलो, रिक्षा केली, घरी आलो.

त्या दिवशी माझी सुट्टी होती, हे किमयाला अजून सांगितलेलं नाही.