अबिगेलबाई आणि साळूबाईंची शेळी

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. अबिगेल विटकॉम नावाच्या अमेरिकन लेखिकेचे चरित्र माझ्या पोटात आहे. शंभर वर्षांपूर्वी ही बाई शेतावरच्या स्वयंपाकघरात बसून गोष्टी लिही आणि त्या भावाच्या नावाने छापून येत. तुम्ही तिचे नाव ऐकले नसेल. लाजू नका, तिच्या गावानेही ऐकले नव्हते.

माझे नाव 'चुलीपाशी लेखणी'. या नावानेच माझा घात केला. मंठा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल अण्णासाहेबांनी मुखपृष्ठावरची चूल पाहिली आणि मला सरळ पाकशास्त्राच्या कपाटात ठेवले. एका बाजूला लोणची, दुसऱ्या बाजूला दिवाळीचा फराळ. वाचक येत, माझ्यात करंज्या शोधत आणि रागाने परत ठेवत.

१९७५ साली बेबीनंदाने मला घरी नेले. तिच्या सासूबाईंना, चांगुणाबाईंना, व्याह्यांसाठी काहीतरी नवे करायचे होते. त्यांना वाचता येत नव्हते; सून सातवी पास होती. ती चुलीजवळ बसून वाचू लागली, "अबिगेल लिहिण्यात इतकी गढून गेली की भट्टीतला पाव करपून कोळसा झाला."

"थांब," चांगुणाबाई म्हणाल्या. "पाव आधी करपवायचा का मंग?"

"आत्याबाई, ही पावाची रीत न्हाई. बाईची गोष्ट वाचून राह्यले मी."

"असं व्हय? मंग पुढं वाच. घरचे काय म्हन्ले तिला?"

त्या दिवशी तव्यावरची भाकरीही करपली.

मग रोज दुपारी वाचन होऊ लागले. शेजारच्या साळूबाई शेळीसकट ऐकायला येत. एका प्रकरणात लेखकाला भेटायला संपादक थेट अबिगेलबाईंच्या शेतावर आला. भाऊ लेखणी धरून ऐटीत बसला, पण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरातून ओरडून येत होते. शेवटी संपादक उठला आणि स्टूल घेऊन चुलीपाशी जाऊन बसला. तेव्हा चांगुणाबाईंनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

आता एकच प्रकरण उरले होते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती, पण हे साळूबाईंच्या शेळीला कुणी सांगितले नव्हते. तिने ते प्रकरण खाल्ले.

चांगुणाबाई जेवल्या नाहीत. "बाईचं पुढं काय झालं, तेवढं तरी कळू द्या!" मंठ्यात माझी दुसरी प्रत नव्हती. जिच्या पोटात सगळे होते ती शेळी रवंथ करत होती.

शेवट मलाही ठाऊक होता. अबिगेलबाई भाड्याच्या खोलीत एकट्या वारल्या आणि कबरीवर 'लेखकाची बहीण' एवढेच कोरले गेले. मला बोलता येत नाही, याचे त्या दिवशी बरे वाटले.

मग बेबीनंदाने स्वतःच शेवट लिहिला. तिच्या शेवटात अबिगेलबाईंच्या नव्या पुस्तकावर त्यांचे स्वतःचे नाव छापले गेले आणि भाऊ गावभर ते विकत हिंडला. तिने ती पाने खळीने मला चिकटवली. वाचून दाखवल्यावर चांगुणाबाई रडल्या आणि पोटभर जेवल्या.

मला परत करायला दोघी निघाल्या. बेबीनंदाचा नवरा साहेबराव बरोबर निघाला आणि म्हणाला, "तुम्ही गप राह्या. सायबाशी मी बोलतो."

अण्णासाहेब मला पाहताच कडाडले, "ही दशा कुणी केली?"

"हिनं," साहेबरावाने बायकोला पुढे ढकलले.

अण्णासाहेब चिकटवलेली पाने उभ्याने वाचू लागले. वाचता वाचता खुर्चीत बसले. "वा! हे लिहिलं कुणी?"

"आम्हीच," साहेबराव म्हणाला.

"तू?" चांगुणाबाई गरजल्या. "एसटीची पाटी वाचेपोत्तर तुझी गाडी निघून जाती!"

बेबीनंदा आधी हळू बोलली. मग मोठ्याने म्हणाली, "मी लिहिलं."

अण्णासाहेबांनी खिशातला पेन तिच्यापुढे धरला. "मग खाली नाव घाला."

तिने पूर्ण नाव लिहिले. त्याच दिवशी मी पाकशास्त्रातून चरित्रांच्या कपाटात गेलो आणि तेव्हापासून मला उसंत मिळाली नाही. वाचक माझी पहिली पाने भराभर उलटतात आणि बेबीनंदाच्या पानांवर रेंगाळतात.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, पण लिहिणारीलाही जपा. दुपारच्या वेळी घरातली एखादी बाई लिहीत बसलेली दिसली, तर तिच्याकडे चहा मागू नका. करून द्या.