हुंगण्याचा सोहळा

"साहेब, आधी हात धुऊन या," बाई म्हणाल्या.

वनस्पती संशोधन केंद्राच्या नव्या संचालकांनी बाईंनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपाचं मूळ नाकापासून दूर धरलं. "कशाला? वास येतोय की छान!"

"तो तुमच्या मनगटाचा. सकाळी फवारलात ना अत्तर?"

बाईंचं डोकं उठलं होतं. आवारातल्या जुन्या झाडाच्या खोडात आणि मुळांत सुगंध कोंडलेला. पण त्याची फांदी लावली तर मुळं म्हणून धरायची नाही. बाईंची उभी नोकरी त्यात गेली. अखेर मुळं वाढवणारा जनुक जागा करता आला आणि रोपांनी भसाभस मुळं सोडली. पण तो जागा झाला की सुगंधी तेलाचा जनुक झोपी जायचा. दोघांना एकदम जागं ठेवायचं, तर पुढच्या प्रयोगांना जुनं झाड हवंच. संचालकांना मात्र तिथे इमारत हवी होती. सुगंधी रोपं तयार झाली की झाड तोडायचं, असं ठरलेलं. म्हणून हा हुंगण्याचा सोहळा.

"चला, झाडाचं खरं मूळ उकरून दाखवते."

"ऊन फार आहे हो. काका, तुम्ही सांगा."

माळीकाकांनी हुंगलं. बाईंकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "आहे... म्हणजे, थोडा येतोय."

मग काय, कारकुनाला आला, शिपायाला आला. सर्दीने बेजार झालेल्या टायपिस्टलासुद्धा आला!

"अहो, मशीनवर तपासू तरी द्या! आठ दिवस थांबा!"

"रिपोर्ट मागाहून जोडू, मॅडम. उगाच ताणताय तुम्ही."

दुसऱ्या दिवशी करवत चालली. बाई खिडकी लावून आत बसल्या. संताप इतका होता, की रडूही येईना.

खोड चिरलं आणि वास सुटला. फटींतून आत शिरला, जिन्यात भरला. एकेक जण बाहेर आला. काल आपल्याला कसलाच वास आला नव्हता, हे सगळ्यांना आता कळलं होतं.

"मॅडम," संचालक हळूच म्हणाले, "हा असा असतो होय?"

बाईंच्या जिभेवर दहा उत्तरं आली. आडव्या झाडापाशी जाऊन त्या उकिडव्या बसल्या.

"काका, ओली पोती आणा. सुकायच्या आत फांद्या कापून घेऊ. प्रयोगांपुरत्या तरी जगवता येतात का पाहू."

काका मान खाली घालून पळाले. संचालकही बाह्या सरसावून वाकले.

"राहू द्या तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि एकट्याच कोवळ्या फांद्या निवडू लागल्या.