न जिरणारा थेंब

पाण्याचा थेंब कापडावर पडला आणि तसाच बसून राहिला. मोहरीएवढा, गोल, कडेला उजेडाची बारीक रेघ. तिने मनात आकडे मोजले. चाळीस झाले तरी थेंब जागचा हलला नाही. धुऊन वाळलेला सुती लंगोट. थेंब पडताक्षणी जिरायला हवा होता.

ती न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर बसली होती. समोर झाकणाची बादली, बादलीत कालपासूनचे अकरा लंगोट आणि त्यांची अस्तरं. क्रम ठरलेला होता: अस्तरावरची घाण संडासात झटकायची, चिकटलेली फवाऱ्याने सोडवायची, मग सगळं आधी गार पाण्यात, नंतर यंत्रात. पूर्वी हे दिवसातून एकदा व्हायचं. गेले तीन आठवडे दोनदा, कारण लंगोट गळायला लागले होते. लंगोट गळला की झबलं ओलं, झबल्यामागून दुपटं, दुपट्यामागून चादर. खिडकीबाहेर बघायचं तर वाळत घातलेल्या लंगोटांच्या फटीतून बघावं लागे.

"तुझीच हौस," नवरा म्हणे. तेही खरंच होतं. पोटुशी असताना वापरून फेकायचे नकोत, असं तिनेच ठणकावून सांगितलं होतं. आता तक्रार कोणत्या तोंडाने करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने नऊ वर्षं काढली होती. तिथल्या मॅडमचा चौथा निरोप परवा आला होता: शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळव, नाहीतर तुझ्या जागी दुसरं कुणी घ्यावं लागेल. आज शुक्रवार होता. दोन महिने ती हे उत्तर उद्यावर ढकलत आली होती. घरात विषय काढावा म्हटलं की बादली भरलेली असे, आणि भरल्या बादलीसमोर कसलं आलंय कामावर जाणं.

तिने धुतलेल्या ढिगातला दुसरा लंगोट घेतला. थेंब बसला. तिसरा. बसला. मग तिने कापड नाकाशी नेलं. फुलांचा वास.

"आई," तिने हाक मारली, "यंत्रात साबणाशिवाय आणखी काही घालता का?"

सासूबाई नातीला खांद्यावर घेऊन दारात आल्या. "ते निळ्या बाटलीतलं. कपडे मऊ करायचं. एकच झाकण हं. लंगोट कसे पत्र्यासारखे झाले होते. पोरीच्या मांड्या बघवेनात."

"कधीपासून?"

"झाले तीनेक आठवडे. बोलले नाही. म्हटलं, तू लगेच शाळा घेशील."

"त्याचा थर बसतो, आई. कापड पाणी पीतच नाही. हे बघा."

सासूबाई वाकल्या. "अगबाई. अळवावरचं पाणीच की. आणि मी आपली म्हणतेय, ही मुतते तरी किती, बापावर गेली."

"माझं काय आता?" नवरा बाहेर जायच्या तयारीत, एका हाताने बूट चढवत आला.

सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं, स्वतःचा गुन्हा जरा सौम्य करून.

"गरम पाण्यात चार-पाचदा नुसते फिरवले की थर उतरेल," ती म्हणाली. "मग गळणार नाहीत."

"बरं झालं, सुटलीस," तो म्हणाला. "आता एकदाच धुवायचं."

एकदाच. उद्या, परवा, पोर चालायला लागेपर्यंत, याच स्टुलावर. कुणी धुवायचं, हे त्याने विचारलं नव्हतं. खरं तर तिनेही त्याला कधी विचारलं नव्हतं. कापडाचा दोष सापडला होता आणि मॅडमला उत्तर टाळायला आज तिच्यापाशी कसलाच आडोसा उरला नव्हता.

ती उठली. पाय बधिर झाले होते. तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"अस्तर आधी झटकायचं. मग फवारा. गरम पाणी लगेच नाही, डाग धरतो."

"मला कशाला सांगतेस?" त्याने हसून आईकडे पाहिलं. सासूबाई नातीचं झबलं सारखं करत राहिल्या.

"कारण सोमवारपासून मी कामावर जाणार आहे," ती म्हणाली.