गळकी तोटी

"अर्ध्या पुण्याचं पाणी मी तीस वर्षं वेळेवर सोडलं आणि वेळेवर बंद केलं," रावसाहेब हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "मोर्चे आले, हंडे फुटले, पण माझा व्हॉल्व्ह मिनिटभर इकडचा तिकडे झाला नाही. या एवढ्याशा जिवाचं काय घेऊन बसलीस?"

एवढ्याशा जिवाने त्याच वेळी त्यांच्या उजव्या स्लिपरवर आपला अभिप्राय नोंदवला. स्लिपरमध्ये पाय होता.

"बंद झालं की सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. "फडकं देते."

रावसाहेब हे नाव होतं, हुद्दा नव्हता. हुद्दा व्हॉल्व्हमन. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते कात्रजच्या गल्ल्यांतून फिरत, रस्त्यातल्या झाकणावर ती दणादण आपटत आणि मग पाणी सोडत. आपटायची सक्ती नव्हती, ती त्यांची स्वतःची पद्धत. चावी वाजली की बिल्डिंगमागून बिल्डिंग जागी होई, पिंपं सरकत आणि खिडक्यांतून बायका विचारत, "रावसाहेब, आज किती वेळ?" निवृत्त झाल्यावर मोडीत निघालेली ती चावी त्यांनी मागून घेतली आणि बाल्कनीत उभी केली. गोळ्या मात्र डॉक्टरांनी न मागता दिल्या. त्या कशाच्या, यावर घरात चर्चा होत नसे.

मग ते मांजरी गावाला चुलतभावाकडे, गेनबाकडे, ऊस बघायला गेले आणि पिशवीतून कुत्रीचं पिल्लू घेऊन आले. त्यांनी तिचं नाव राणी ठेवलं. यमुनाबाईंनी एक दिवस फरशी पुसली आणि नाव बदलून 'तोटी' केलं. कुत्री दुसऱ्या नावाला ओ देऊ लागली.

"रविवारी गेनबाभाऊजी भाजी घेऊन येणार आहेत," यमुनाबाईंनी जाहीर केलं. "तोवर हिला अक्कल आली तर ठीक. नाहीतर आली त्याच पिशवीतून परत."

"आणि मी?"

"तुम्हाला परत घेणारं कुणी नाही."

रावसाहेब कामाला लागले. त्यांनी कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरलं. तोटीने ते फाडलं, चघळलं, अग्रलेखावर झोप काढली आणि मग पलीकडे जाऊन कोरड्या फरशीवर काम उरकलं. त्यांनी तिला खाली नेलं. तिने गुलमोहर हुंगला, स्कूटर हुंगल्या, एका इस्त्रीवाल्याशी ओळख करून घेतली आणि जिना चढून घरात आल्यावर मोकळी झाली.

"तुमच्याच खात्यातली दिसते," यमुनाबाई म्हणाल्या. "सांगितल्या वेळी पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा कुणी तयार नसतं."

बुधवारी सकाळी चमत्कार झाला. हल्लीचा व्हॉल्व्हमन संतोष फाटकाजवळ आला, त्याने झाकण उचललं आणि ते हातातून निसटून ठण्णकन आपटलं. रावसाहेबांच्या पायाशी घोटाळणारी तोटी दचकली आणि जागच्या जागी बसली. मातीवर. फाटकाबाहेर. नियमाप्रमाणे!

"संतोष! परत वाजव!"

"काका, पाणी एकदाच सोडायचं असतं."

"तू सोडू नकोस, नुसतं वाजव!"

संतोषने काकांकडे बघितलं आणि नाइलाजाने परत वाजवलं. तोटीनेही नाइलाजाने थोडंसं केलं. रावसाहेब दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर आले. चावी बाल्कनीतून निघाली, तिला तेलाचा हात फिरला आणि त्या दिवसापासून ती पुन्हा गल्लीत दणदणू लागली. जेवणानंतर, झोपेनंतर, खेळ झाल्यावर. चावी ठण्ण, तोटी खाली, शेंगदाणा तोंडात. रावसाहेबांची चाल बदलली. इस्त्रीवाल्याने त्यांना सलाम केला.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. गल्लीतल्या लोकांचं शिक्षणही तीस वर्षं याच आवाजावर झालं होतं.

"रावसाहेब!" तळमजल्यावरच्या आलिमाबी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "चावी वाजली म्हणून मी पळत जाऊन पिंप लावलं. नळाला नुसता वारा!"

"पाणी आलंय, आलिमाबी," रावसाहेबांनी तोटीकडे बोट दाखवलं. "पण ते तुमच्या लाइनला नाही."

तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी मोटार कोरडी फिरली. शेजारच्या बिल्डिंगमधून माणसं आली. ती बोलली कमी, पण पुण्याचीच असल्यामुळे तेवढं पुरलं. यमुनाबाईंनी चावी जप्त केली, दाराआड भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "परत वाजली तर तोटीबरोबर तुम्हीपण मांजरीला."

रावसाहेब दाराशी, चावीजवळ जमिनीवर बसून राहिले. तोटी त्यांच्या मांडीवर चढली, चावी हुंगली आणि शेपटी हलवून वाट बघू लागली. चावीच्या आवाजाची वाट बघणारं आता ते एवढंच एक गिऱ्हाईक उरलं होतं.

रविवारी गेनबा आला. मेथी, वांगी ओतून त्याने पिशवी झटकली.

"वैनी, पिशवी रिकामी हाय बगा. घाला पिल्लू."

"घालू की," यमुनाबाई म्हणाल्या. "चहा तर घ्या."

सकाळीच पुसलेली फरशी चकचकत होती. गेनबाने बशीत चहा ओतला आणि नेमकी तेव्हाच तोटी उठली. नाक जमिनीला लावून ती गोल फिरू लागली. एक फेरी. आणखी एक.

"आता व्हतंय," गेनबा म्हणाला.

यमुनाबाईंचा हात फडक्याकडे गेला. रावसाहेबांनी डोळे मिटले. तोटी थांबली, दाराकडे गेली, चावीकडे बघितलं आणि पुढचे दोन्ही पाय वर टाकून तिने ती ढकलली.

ठण्ण!

बिल्डिंग हादरली. बादल्या सरकल्या, मोटारी सुरू झाल्या, कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" तोटी मात्र तशीच उभी. अंग आवळून, रावसाहेबांकडे बघत. फरशी कोरडी!

"अगं, ही विचारतेय!" रावसाहेब किंचाळले आणि तिला काखेत मारून धावले. अनवाणी, जिन्यावरून, दुधाच्या क्रेटवरून, आलिमाबींच्या बादलीवरून. गुडघे काय म्हणत होते ते ऐकायला थांबले नाहीत. फाटकाबाहेर मातीवर त्यांनी तिला ठेवलं. तोटी बसली. बराच वेळ बसली.

"झालं! अगं, जागेवर झालं!"

"पाणी आलं का?" आलिमाबींनी खिडकीतून विचारलं.

"आलं!"

"किती वेळ?"

हे रावसाहेबांना कुणी विचारल्याला वर्षं झाली होती.

वर बाल्कनीत यमुनाबाईंनी बराच वेळ खाली बघितलं. मग आत जाऊन त्यांनी चिवड्याचा डबा काढला.

"भाऊजी, पिशवी इकडे द्या. रिकामी परत कशी पाठवू?"

गेनबा हसला. "मंग पिल्लू?"

"ते कुठे मावतंय आता त्यात? चिवडा घातलाय ना!"

रावसाहेब तोटीला छातीशी धरून वर आले तेव्हा जिन्यात दोन्ही बाजूंना बादल्या घेतलेले शेजारी उभे होते. आलिमाबीही मागोमाग आल्या. रावसाहेब दारात थांबले, मान ताठ केली, सगळ्यांवरून नजर फिरवली.

"अर्ध्या पुण्याचं पाणी मी तीस वर्षं वेळेवर सोडलं आणि..."

ते थबकले. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर गेला. दाराआड पडलेल्या चावीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि यमुनाबाईंकडे झुकून हळूच म्हणाले,

"हिला जरा धर. मला जाऊन यायचंय."